‘हे कुणी लिहिलंय?’ : ग्रंथालय आणि दप्तरातल्या दुखावणाऱ्या नोंदी सगळ्यांनी मिळून कशा सुधाराव्यात

मी ज्या संग्रहात काम करते, तिथे एक जुना फोटो आहे. तारेच्या कुंपणाच्या आत पंधरा-वीस माणसं उभी आहेत आणि पुढच्या रांगेत मातीत बसलेली मुलं. आमच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) त्याची नोंद होती : ‘गुन्हेगार जमातीचे लोक, बायकामुलांसह. सोलापूर सेटलमेंट.’ एके दिवशी एक मावशी आपल्या भाच्याला घेऊन आल्या. पुढच्या रांगेतली परकर-पोलक्यातली मुलगी आपली आई असावी असं त्यांना वाटत होतं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, मग भाच्याकडून कार्ड वाचून घेतलं आणि मला विचारलं, “हे कुणी लिहिलंय?”

मी फोटो उलटला. मागे पेन्सिलीनं गावाचं नाव आणि एक आकडा होता, बाकी काही नाही. म्हणजे ‘गुन्हेगार’ हा शब्द फोटो काढणाऱ्याचा नव्हता, देणाऱ्याचाही नव्हता. काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा आणि त्यांना ‘सेटलमेंट’ नावाच्या बंदिस्त वसाहतींत ठेवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यानंतर वीसेक वर्षांनी आमच्याच कुणीतरी तो शब्द कार्डावर घातला होता, पाच वर्षांच्या त्या मुलीसकट सगळ्यांना.

हे मार्गदर्शन अशा नोंदी दुरुस्त करायला पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल असाल, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कॅटलॉगिंग करत असाल, मोडीचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) लावायला मदत करणारे स्वयंसेवक असाल, किंवा एखाद्या संस्थेचे जुने फोटो स्कॅन करत असाल. मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. वेळ लागतो, आणि माणसं लागतात.

आधी ठरवा : शब्द कुणाचा आहे?

एकाच नोंदीत बहुधा तीन आवाज मिसळलेले असतात. ते वेगळे करता आले की निम्मं काम सोपं होतं.

पहिला आवाज कागदाचा स्वतःचा. पुस्तकाचं शीर्षक, रजिस्टरवरचं छापील नाव, पत्रातला मजकूर. याला हात लावायचा नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लोकांनी ज्या नावानं हिणवलं तेच नाव लेखकानं स्वतः पुस्तकाला दिलं. तो त्यांचा अधिकार आहे. पण त्याच पुस्तकाला आपण ‘उचले – चालीरीती’ असं विषयशीर्षक (पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणारं, शोधायला दिलेलं नाव) दिलं, तर तो शब्द आपला होतो आणि तिथे आपल्याला तो अधिकार नाही. संस्थांच्या नावांचंही असंच. वरोऱ्याची महारोगी सेवा समिती १९४९ पासून त्याच नावानं काम करते. संस्थेचं नाव तसंच लिहायचं. खालच्या वर्णनात मात्र ‘महारोगी’ न म्हणता ‘कुष्ठरुग्ण’ म्हणायचं.

दुसरा आवाज मधल्या माणसाचा : देणगीदारानं अल्बमखाली लिहिलेली ओळ, जुन्या मामलेदारानं फेरिस्तीत (कागदांच्या यादीत) टाकलेला शेरा, फोटोग्राफरचा मथळा. हा जपायचा, पण अवतरणचिन्हांत आणि कुणाचा ते सांगून.

तिसरा आवाज आपला, म्हणजे तालिकाकाराचा. वर्णन, सारांश, विषयशीर्षक, टीप. बदलायचं ते इथे.

सराव म्हणून कोणतीही वीस कार्डं काढा आणि प्रत्येक खटकणाऱ्या शब्दाशेजारी पेन्सिलीनं क, म किंवा आ लिहा : कागदाचा, मधल्याचा, आपला. ज्या शब्दाबद्दल ठरत नाही तिथे मूळ वस्तू काढून पाहाच. कार्डावरून अंदाज बांधू नका. आमच्या फोटोच्या बाबतीत सगळे वर्षानुवर्षं धरून चालले होते की तो शब्द इंग्रजांचा असणार.

लहान तुकडा घ्या

सगळा संग्रह एकदम हातात घेऊ नका. एक कपाट, एक रुमाल, एका देणगीदाराचे फोटो, नाहीतर एकच विषयशीर्षक निवडा. पहिल्या खेपेला शंभर-दीडशे नोंदी पुरेत. कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारखं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेवढ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घ्या. कार्डच असतील तर वही आखा. रकाने हे ठेवा : नोंद क्रमांक, सध्याचा शब्द, कुणाचा शब्द, काय खटकतं, सुचलेला शब्द, कुणाशी बोललो, काय ठरलं, तारीख. ‘कुणाशी बोललो’ हा रकाना सुरुवातीला रिकामा राहील. तो रिकामा असेपर्यंत पुढचे दोन भरायचे नाहीत, एवढा एक नियम पाळा.

शोधयादी बनवणं

आता खटकणाऱ्या शब्दांची यादी करा आणि त्या तुकड्यात शोधा. जातिवाचक शिव्या झालेले शब्द, ‘रानटी’, ‘मागासलेले’, ‘गुन्हेगार जाती’, ‘वेडे’, ‘मुके-बहिरे’, ‘पतित स्त्रिया’, अशी यादी हळूहळू वाढत जाते.

मराठीत शोधताना एक अडचण हमखास येते. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीच्या नोंदींत न उच्चारले जाणारे अनुस्वार असतात. ‘फासेपारधी’ शोधलंत तर ‘फांसेपारधी’ सापडणार नाही. ‘भिल’ आणि ‘भिल्ल’, ‘काथोडी’ आणि ‘कातकरी’ ही दोन्ही रूपं शोधा. इंग्रजीतून आलेल्या नोंदींत तर एकाच रामोशी शब्दाची अनेक स्पेलिंग भेटतात. प्रत्येक शब्दापुढे त्याची सगळी रूपं लिहून ठेवा, पुढच्या माणसाला ती यादी सोन्यासारखी उपयोगी पडते.

आणि ‘फाइंड-रिप्लेस’चं बटण कधीही दाबू नका. रोजच्या बोलण्यात ‘भामटा’ म्हणजे लबाड माणूस. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्यातून मुक्त झालेल्या समाजांच्या, यादीत ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ ही समाजांची नावं आहेत. आपल्या भाषेनं एका समाजाचं नावच शिवी करून टाकलं आहे. यंत्राला यातला फरक कळत नाही. एका नोंदीत तो शब्द शिवी असतो, दुसरीत तेच कुणाच्या तरी आजोबांच्या दाखल्यावरचं नाव असतं.

जे शोधून सापडत नाही

मला स्वतःला हा भाग सगळ्यात अवघड गेला, म्हणून इथे जरा थांबते.

काही नोंदींत एकही वाईट शब्द नसतो आणि तरी त्या अन्याय करतात. वाड्याच्या फोटोची नोंद पाहा : ‘श्रीमंत अमुक, त्यांचे चिरंजीव तमुक, व नोकर.’ मालकांना नाव, हुद्दा, गाव. पाणी भरणाऱ्या बाईला काहीच नाही. जुन्या पत्रांच्या याद्यांत ‘कुटुंब’ हा शब्द येतो, आणि तिथे त्याचा अर्थ बायको असा असतो. ‘अमुक यांच्या कुटुंबाचे पत्र’ म्हणजे त्या बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र, पण तालिकेत तिचं नाव नाही. आजचा वाचक त्याचा अर्थ ‘घरच्यांचं पत्र’ असा घेतो आणि ती दुसऱ्यांदा हरवते. पत्राच्या शेवटी सही असते. ती वाचा आणि नाव नोंदीत आणा. एवढ्या एका दुरुस्तीनं कितीतरी बायका तालिकेत परत येतात.

गुळगुळीत शब्दही तपासा. पेशवाईतल्या कागदांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द येतात. या विकत घेतलेल्या, ठेवलेल्या, दान दिलेल्या गुलाम स्त्रिया. एखाद्या तालिकाकाराला हे लिहिणं जड जातं आणि तो ‘मोलकरीण’ लिहितो. मोलकरणीला मोल मिळतं, ती काम सोडून जाऊ शकते. कुणबिणीला यातलं काही नव्हतं. अशा ठिकाणी ‘गुलाम स्त्री (कागदात : कुणबीण)’ असंच लिहायला हवं. सुधारणा म्हणजे शब्द मऊ करणं, असा समज घेऊन बसलात तर हे निसटतं.

स्तुतीचंही तेच. उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिलं गेलं. कंपनी सरकारचे कागद त्यांना दरोडेखोर म्हणतात. आपण ते आपल्या आवाजात म्हणायचं नाही. पण त्या जागी चार विशेषणं लावून गौरवही लिहायचा नाही. ‘कंपनी सरकारविरुद्ध उठाव करणारे रामोशी पुढारी, सरकारी कागदांत उल्लेख दरोडेखोर असा’ एवढं पुरतं. काय घडलं आणि कुणी काय म्हटलं हे दोन्ही वाचकाला मिळतं.

विचारायला जाणं

इथपर्यंतचं काम टेबलावर बसून होतं. आता उठायचं.

ज्यांच्याबद्दल नोंद आहे, त्यांना विचारल्याशिवाय शब्द ठरवायचा नाही. चांगल्या हेतूनं वरून सुचवलेला शब्द कसा लागतो याचं ताजं उदाहरण आपल्याकडेच आहे. २०२३ साली ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा सरकारी पातळीवर प्रस्ताव आला आणि टीकेची झोड उठली. पूर्वी नावाआधी ‘गं. भा.’ लावून बाईचं वैधव्य पत्रिकेत, पाकिटावर, सगळीकडे जाहीर केलं जायचं. त्याच बायकांना आधी विचारलं असतं तर हे लगेच कळलं असतं. उलट बाजूही पाहा. गोव्यातल्या देवळांशी बांधल्या गेलेल्या समाजांनी एकत्र येऊन स्वतःसाठी ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव घेतलं. जुन्या पुस्तकांतली नावं बाजूला सारून त्यांनी स्वतःचं नाव ठरवलं आणि ते रूढ केलं. आपल्या तालिकेनं तिथे मागे राहायचं कारण नाही.

पण ‘समाजाला विचारा’ म्हणणं सोपं आहे. समाज म्हणजे एक माणूस नव्हे. ‘हरिजन’ हा शब्द कितीतरी पुस्तकांच्या विषयशीर्षकांत अजून बसलेला आहे. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत याच शब्दाला विरोध करून सभात्याग केला होता. म्हणजे हरकत आजची नाही. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि ‘दलित’ हा शब्द अभिमानानं मिरवला गेला. २०१८ साली केंद्र सरकारनं माध्यमांना सूचना दिली की ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ म्हणावं, तेव्हा कितीतरी कार्यकर्त्यांनी आणि लेखकांनी विरोध केला. आणि याच काळात मला असेही लोक भेटले आहेत, जे म्हणतात, “आम्ही बौद्ध आहोत, तेच लिहा.” तिघांचंही म्हणणं खरं आहे.

आम्ही मार्ग असा काढला. चळवळ आणि साहित्य असेल तिथे ‘दलित’. कायदा, आरक्षण, जनगणना असेल तिथे ‘अनुसूचित जाती’. व्यक्ती किंवा कुटुंब असेल तर ते स्वतःला जे म्हणवतात ते. हा काही सगळीकडे लागू होणारा नियम नाही. तुमच्या गावात वेगळं निघू शकतं, म्हणूनच विचारायचं.

बैठकीबद्दल काही गोष्टी चुकतमाकत शिकले, त्या सांगते.

लोकांना ग्रंथालयात बोलावू नका, पहिल्यांदा तुम्ही जा. वस्तीवरच्या समाजमंदिरात, बुद्धविहारात, कुणाच्या अंगणात. रोजंदारीवर जाणाऱ्यांना संध्याकाळी सातनंतरच वेळ असतो. त्यांची मजुरी बुडत असेल तर मानधन द्या, निदान येण्याजाण्याचा खर्च तरी. आपल्या संस्थेचं काम ते करत आहेत.

शंभर नोंदी समोर ठेवू नका. पानभर शिव्या वाचायला लावणं हा दुसरा त्रास आहे. दहा निवडा, मोठ्या अक्षरात छापा, आणि फोटो असतील तर फोटो आधी दाखवा. सुरुवातीलाच सांगा की यात वाईट शब्द आहेत, कुणाला बसायचं नसेल तर हरकत नाही. वाचून दाखवणारा माणूस बरोबर ठेवा. सगळे वाचू शकतील असं धरून चालू नका, आणि कुणाला वाचता येतं हे चारचौघांत विचारूही नका.

‘हा शब्द चालेल का?’ असं विचारलं की लोक सौजन्यानं ‘चालेल’ म्हणतात. त्यापेक्षा विचारा : “तुम्ही स्वतःला काय म्हणता? घरात काय म्हणता, बाहेर काय सांगता?” “या फोटोत काय चाललंय असं तुम्हाला दिसतं?” आमच्या कार्डावर ‘भिकारी’ लिहिलेल्या एका फोटोतला माणूस भिकारी नव्हता, तो पोतराज होता. हे आम्हाला एका आजोबांनी फोटोतल्या माणसाच्या अंगावरचा कोरडा (चाबूक) आणि कमरेच्या चिंध्या दाखवून सांगितलं. म्हणजे नोंद अपमान करणारी तर होतीच, पण साफ चुकीचीही होती. असं पुष्कळदा होतं.

पुढाऱ्यांचं ऐका, पण बायकांशी वेगळं बोला. तरुणांशीही वेगळं बोला. ज्येष्ठांना जो शब्द सवयीचा, तो नातवंडांना नकोसा असतो. मतं जुळली नाहीत तर घाईनं मतदान घेऊ नका, दोन्ही मतं वहीत लिहा. आणि कुणी म्हणालं की हा फोटो लोकांना दाखवूच नका, तर ते गंभीरपणे घ्या. तो इंटरनेटवरून उतरवून फक्त मागणीनुसार दाखवता येतो. मधला मार्ग असतो.

तृतीयपंथी व्यक्तींबद्दलच्या नोंदींसाठी तर आपल्या मनानं काहीच ठरवू नका. १८७१चा जो कायदा गुन्हेगार जमातींसाठी म्हणून आपल्याला माहीत आहे, त्याच्या नावातच हिजड्यांसाठी त्या काळी वापरलेला इंग्रजी शब्दही होता आणि त्यांचीही नोंदणी त्यात होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली त्यांची ओळख मान्य केली. आज कुणी ‘तृतीयपंथी’ म्हणतं, कुणी ‘पारलिंगी’, कुणी ‘हिजडा’ हाच शब्द आपल्या परंपरेचा म्हणून छातीठोकपणे वापरतं. व्यक्तीला विचारूनच लिहा.

शब्द ठरवताना

चर्चा झाली की वाक्य लिहायचं. जे सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडलं ते असं : माणसाचा स्वभाव सांगणाऱ्या शब्दाऐवजी त्याच्यावर कुणी काय केलं ते सांगा. ‘गुन्हेगार जमाती’ असं लिहिलं की गुन्हेगारी त्या लोकांच्या रक्तात होती असा अर्थ निघतो. ‘गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदवलेल्या जमाती’ लिहिलं की कर्ता कायदा होतो. १९११च्या कायद्यानं ही नोंदणी मुंबई इलाख्यालाही लागू झाली, तेव्हा १९११ नंतरच्या कागदांवर त्याचा उल्लेख साल देऊन करता येतो. आजच्या संदर्भात ‘विमुक्त’ किंवा ‘भटके-विमुक्त’.

मोघम नावापेक्षा नेमकं नाव बरं. ‘आदिवासी बाई’ऐवजी कळत असेल तर ‘वारली बाई’, नाव कळलं तर नाव. नाव कळलं नाही तर ‘नाव नोंदलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा. रिकामी जागा दिसू द्या.

गावातल्या वस्त्यांबद्दल : डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनानं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं पुढे आली. वर्णनात आजचं नाव आधी, आणि ‘कागदात : महारवाडा’ असं नंतर. नकाशावरचं मूळ नाव खोडायचं नाही.

अपंगत्वाबद्दल मी थोडक्यात सांगते. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी कारभारात रूढ झाला आहे, महाराष्ट्रात त्या नावाचा स्वतंत्र विभागही २०२२ मध्ये झाला. पण अपंग हक्क चळवळीतल्या अनेकांना तो आवडत नाही, त्यात दैवी कौतुक येतं असं त्यांचं म्हणणं. शासकीय कागदाला ‘दिव्यांग’, संघटनेला तिचं स्वतःचं नाव, आणि व्यक्तीबद्दल ‘दृष्टिहीन’, ‘कर्णबधिर’ असं नेमकं, असं आम्ही ठेवलं आहे.

जुना शब्द जातो कुठे?

नवखे लोक इथेच सगळ्यात मोठी चूक करतात. जुना शब्द इतका टोचतो की तो कायमचा पुसून टाकावासा वाटतो. कृपा करून पुसू नका.

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना ठरावीक तारखेआधीचा पुरावा मागतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्या घरात शाळेत गेलेली पहिली पिढी साठ-सत्तरच्या दशकातली आहे, त्यांच्याकडे त्याआधीचा कागद कुठून येणार? कधी तो सेटलमेंटच्या हजेरीपटात असतो, कधी पोलीस पाटलाच्या रजिस्टरात, कधी मिशनऱ्यांच्या अहवालात. आणि तिथे तो त्याच जुन्या, टोचणाऱ्या शब्दाखाली असतो. मावशींबरोबर आलेला भाचाही खरं म्हणजे त्यासाठीच आला होता. तालिकेतून तो शब्द नाहीसा केला, तर नातवाच्या हातून आजोबांचा कागद निसटतो आणि त्याबरोबर कॉलेजचा प्रवेशही.

म्हणून करायचं ते असं. दिसणाऱ्या नोंदीत नवा शब्द. जुना शब्द मागे, शोधाला सापडेल असा. मार्क (MARC) या संगणकीय नोंदींच्या पद्धतीत, जिथे प्रत्येक क्षेत्राला आकडा असतो, काम करत असाल तर विषयशीर्षक ६५० क्षेत्रात नवं घाला. ऑथॉरिटी नोंदीत (शीर्षकाचं ठरलेलं रूप सांगणाऱ्या नोंदीत) १५० मध्ये नवं आणि ४५० मध्ये जुनं, म्हणजे जुना शब्द टाइप करणाऱ्याला यंत्र नव्याकडे घेऊन येतं. ५०० क्षेत्रात साधी टीप लिहा. कार्डांवर काम करत असाल तर जुन्या शब्दाचं ‘पाहा’ कार्ड ठेवा. दप्तरातल्या नोंदी आंतरराष्ट्रीय पुराभिलेख वर्णन मानकाप्रमाणे असतील, तर शेवटच्या भागात पुराभिलेखपालाची टीप आणि वर्णनाची तारीख यांना जागा ठेवलेलीच आहे, ती वापरा. आधीची नोंद जशीच्या तशी वेगळ्या फाइलमध्ये सांभाळा. आपल्या आधीच्यांनी काय लिहिलं होतं हाही पुढच्या अभ्यासकासाठी पुरावाच आहे.

आमच्या फोटोची नोंद आता अशी आहे :

‘सोलापूर सेटलमेंटमधील कुटुंबे. तारेच्या कुंपणाआत उभे स्त्री-पुरुष, पुढे बसलेली मुले. गुन्हेगार जमाती कायद्याखाली या कुटुंबांना येथे ठेवण्यात आले होते. फोटोच्या मागे फक्त गावाचे नाव व क्रमांक. टीप : संग्रहाच्या जुन्या तालिकेत या व्यक्तींचे वर्णन “गुन्हेगार जमातीचे लोक” असे होते. ते शब्द संग्रहाचे होते. कुटुंबीयांशी बोलून नोंद बदलली.’

शेवटी महिना आणि वर्ष घातलं आहे. ‘ते शब्द संग्रहाचे होते’ हे वाक्य घालायला आमच्या समितीत दोन बैठका लागल्या. मला ते सगळ्यात गरजेचं वाटतं.

बाहेरून येणारी शीर्षकं

बहुतेक महाविद्यालयीन ग्रंथालयं इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी तयार उतरवून घेतात. त्यात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाची विषयशीर्षकं येतात, आणि जुन्या नोंदींबरोबर जुने शब्दही. तिथे आता ‘दलित्स’ हे शीर्षक आहे, पण जुनी नोंद उतरवली तर ‘अनटचेबल्स’ परत येऊन बसतं. नोंद उतरवल्यावर विषयशीर्षकावर एकदा नजर टाकायची सवय लावा. नाहीतर वर्षभराचं काम एका दुपारी पुसलं जातं.

मोठ्या संस्थेचं शीर्षक बदलत नाही तोवर आपण स्थानिक शीर्षक घालू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ साली ‘इल्लीगल एलियन्स’ (बेकायदा परके) या, कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांसाठीच्या शीर्षकाविरुद्ध आवाज उठवला. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१६ मध्ये बदल मान्य केला, पण तिथल्या संसदेत तो अडला आणि शीर्षक बदलायला नोव्हेंबर २०२१ उजाडलं. मधल्या वर्षांत कित्येक ग्रंथालयांनी आपापल्या तालिकेत शब्द बदलून टाकला होता.

शब्दाइतकंच पुस्तकाची जागाही बोलते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३०च्या सुमारास डोरोथी पोर्टर यांनी पाहिलं की कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं, मग ती कविता असो की संगीत, ड्यूईच्या वर्गीकरणात (पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक देण्याच्या पद्धतीत) वसाहती किंवा गुलामगिरी या क्रमांकांखाली कोंबली जातात. त्यांनी ती विषयाप्रमाणे लावायला घेतली. आपल्या कपाटांकडे या नजरेनं एकदा पाहा. दलित कवीचा संग्रह कवितेत आहे, की समाजशास्त्रात? आदिवासी लेखिकेची कादंबरी कादंबऱ्यांत आहे, की ‘जमाती’त?

दारावरची पाटी, आणि तक्रार वही

सगळ्या नोंदी सुधारायला वर्षं लागतील. तोवर दाराशी आणि ऑनलाइन तालिकेच्या पहिल्या पानावर चार ओळी लावा : ‘या संग्रहातील काही कागदांत आणि आमच्या काही जुन्या नोंदींत माणसांचा अपमान करणारे शब्द आहेत. कागदातले शब्द इतिहासाचा पुरावा म्हणून तसेच ठेवले आहेत. आमच्या नोंदींतले शब्द आम्ही संबंधितांशी बोलून बदलत आहोत. एखादी नोंद खटकली तर कृपया सांगा.’ पाटी लावली म्हणजे काम झालं असं मात्र होऊ देऊ नका. ‘सांगा’ म्हटल्यावर सांगायला जागा हवी. एक वही आणि एक फोन नंबर पुरतो. महिन्याच्या आत उत्तर द्यायचंच असं ठरवा, मग ते ‘अजून ठरलं नाही’ असलं तरी.

या कामात रोज चार-पाच तास असे शब्द वाचावे लागतात. ज्या समाजाबद्दल ते लिहिलेत त्याच समाजातला सहकारी टेबलावर असेल, तर त्याच्यावर सगळा भार टाकू नका आणि प्रत्येक शब्दाला त्याचंच मत मागू नका. मधे मधे दुसरं काम घ्या.

ठरलेल्या नोंदी छापून परत वस्तीवर नेऊन दाखवा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. आम्ही मावशींकडे फोटोची मोठी प्रत आणि नवी नोंद घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीही बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, पुढची ती मुलगी आई नव्हे, आईची धाकटी बहीण आहे. आई मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी, कडेवर बाळ घेतलेली. दोघींची नावं त्यांनी सांगितली, आणि ती नोंदीत लिहायला आनंदानं परवानगी दिली. वहीत आम्ही नवी तारीख टाकली आणि नोंद पुन्हा बदलली.